घरच्या पडद्याचा राखणदार

गेल्या पावसाळ्यात माडाची एक झावळी पडून आमच्या घराकडे येणारी केबलची तार तुटली. दोन माडांच्या आणि एका फणसाच्या आधाराने ती तार गेली कित्येक वर्षे कुळागरातून आमच्या ओटीपर्यंत येत होती. ती पुन्हा जोडावयास माणूस येईपर्यंत दहा-बारा दिवस गेले, आणि त्या अवधीत आमच्या चिरंजीवांनी घरासमोर एक ठराव मांडला. केबल कायमची बंद करावी आणि टीव्हीच्या मागे लावावयाची स्ट्रीमिंगची कांडी घ्यावी, असा तो ठराव होता. कोणती कांडी घ्यावी, तिची किंमत किती आणि तिच्यात काय काय दिसते, याचा तक्ताही त्यांनी तयार ठेवला होता. आमच्या मातोश्रींनी तो तक्ता शांतपणे ऐकून घेतला व एकच प्रश्न विचारला : "ह्यात आमचें कितें आसा?"

प्रश्न साधा होता. आईला इतकेच जाणून घ्यावयाचे होते की, तिचे भजन, तिची मालिका आणि गावच्या जत्रेचे दृश्य या नव्या यंत्रात दिसेल की नाही. परंतु आमचा व्यवसाय वकिलीचा. "आमचे" या शब्दापाशी आम्ही अडखळलो. घरातील पडदा आपला, त्याचे पैसे आपण भरलेले, वीज आपली. तरी त्यावर काय दिसावे हे ठरविण्याचा अधिकार आजवर कोणाच्या हाती होता? आमच्याकडे गावच्या सीमेवर राखणदार असतो. त्याच्या अनुज्ञेवाचून रात्री कोणी वेस ओलांडीत नाही, असे जुनी माणसे सांगत. घरच्या पडद्यालाही असा राखणदार नेहमीच होता. यंत्रे बदलली तसतसा तो बदलत गेला. हा इतिहास वाचकांसमोर ठेवावा असे वाटले, कारण तो ध्यानी घेतल्यावाचून नव्या यंत्राची निवड डोळसपणे होणार नाही.

पहिला राखणदार म्हणजे सरकार. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणेदेखील गुन्हा ठरविले. ब्रिटिश हिंदुस्थानात व पुढे स्वतंत्र भारतातही रेडिओ घरी आणणे म्हणजे टपालकचेरीतून परवाना काढणे आणि दरसाल त्याचे शुल्क भरणे असे. ही परवाना-पद्धती १९८० च्या दशकात संपली आणि ते दोन्ही जुने कायदे मागे सारणारा दूरसंचार कायदा तर २०२३ साली झाला. म्हणजे ज्या कायद्याच्या छायेत आपल्या आजोबांनी रेडिओ ऐकला, त्याच कायद्याच्या छायेत आपण केबल पाहिली.

गोव्यात तर राखणदारच परका होता. १९४६ साली पणजीस 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. तेथून उत्तम संगीत ऐकू येई. परंतु बोलणे राज्यकर्त्यांच्या सोयीचेच असे. या भिंतीला पहिले भगदाड पाडले ते २५ नोव्हेंबर १९५५ रोजी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून एका गुप्त केंद्रावरून पोर्तुगीज व कोंकणी भाषांत प्रक्षेपण सुरू केले. स्वातंत्र्याचा तो आवाज पुढे सहा वर्षे, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, चालू राहिला. मुक्तीनंतर ही वार्ता या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावरून गोमंतकाला सांगितली. लिबिया लोबो सरदेसाई यांस २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा नव्या पिढीतील अनेकांनी ही हकिकत प्रथम ऐकली. आमच्या आजोबांच्या पिढीतील मंडळी दार लावून, आवाज बारीक करून ते केंद्र ऐकत असत. घरातील एका लहानशा पेटीवर कोणाचा आवाज ऐकावा हा प्रश्न तेव्हा तुरुंगाशी जोडलेला होता. आज तो मासिक वर्गणीशी जोडलेला आहे, एवढ्यावरून तो क्षुद्र ठरत नाही.

दूरचित्रवाणी आली तीही सरकारचीच. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले आणि मराठी घरांना प्रथमच पडद्यावर आपली भाषा दिसू लागली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वाहिनी एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे 'रामायण' दाखविले गेले. आम्ही तेव्हा शाळेच्या पहिल्या वर्गांत होतो. ज्या घरी टीव्ही होता त्या घराच्या ओटीवर अर्धा वाडा जमे. काही घरी टीव्हीला हळदकुंकू व फुले वाहिली जात. राखणदार एकच असल्याचे हे गोड फळ होते : सारा गाव एकाच वेळी एकच गोष्ट पाहत होता.

त्याची दुसरी बाजूही त्याच सुमारास दिसली. १९८८ च्या आरंभी गोविंद निहलानी यांची 'तमस' ही फाळणीवरील मालिका बंद पाडावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण थांबविण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तोच निर्णय कायम केला. या प्रकरणातील एक गोष्ट आमच्या विषयास उपयोगी आहे. काय दाखवावे व काय दाखवू नये याविषयी दाद मागावयाची तर त्या काळी कोठे जावे हे नागरिकास ठाऊक होते. राखणदाराचे नाव-गाव माहीत होते.

त्यानंतर केबल आली. १९८० च्या दशकात मोठ्या शहरांतील इमारतींमध्ये एका व्हिडिओ-यंत्रावरून तारा ओढून चित्रपट दाखविले जात; त्यातून हा धंदा वाढला. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट आली, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आली. गच्चीवर एक तबकडी आणि माडांवरून तारा, एवढ्या भांडवलावर गावोगाव नवे राखणदार उभे राहिले. कायदा मागून धावत आला. केबलचे जाळे म्हणजे तार कायद्याखालील तारमार्गच असून त्यास परवाना हवा, असे राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ साली म्हटले. १९९४ च्या अध्यादेशानंतर १९९५ साली केबल टेलिव्हिजन जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल प्रत्येक प्रेक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. भांडण क्रिकेटच्या प्रक्षेपण-हक्काचे होते. परंतु न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रांतून निघालेले सूत्र फार मोठे आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा उपयोग लोकहितासाठी व्हावयास हवा. सरकारची मक्तेदारी जशी नको, तशीच खासगी धनिकांचीही नको. प्रेक्षकाचा जाणून घेण्याचा हक्क हा भाषणस्वातंत्र्याच्याच पोटात येतो. आमच्या आईच्या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले हे उत्तर होते : ह्यात तुमचेही काही आहे.

केबलचा कायदा रुक्ष आहे, तरी त्याचे आठवे कलम आम्हांस नेहमी लक्षात ठेवण्याजोगे वाटले. दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या प्रत्येक केबलचालकाने दाखविल्याच पाहिजेत, असे ते कलम सांगते. पुढील दुरुस्तीने त्यात प्रादेशिक भाषेच्या वाहिनीचाही समावेश झाला. म्हणजे धंदा खासगी असला तरी त्याच्या घरात सार्वजनिक वाहिनीसाठी एक पाट राखून ठेवलेला होता. शिवाय गावचा केबलचालक स्वतःचीही एक वाहिनी चालवी. तिच्यावर देवळाचा उत्सव, पालखी, जत्रेतील नाटक, शाळेचे स्नेहसंमेलन, सारे काही दिसे. चित्र अस्पष्ट असे, निवेदन अडखळत असे; पण पडद्यावर आपली माणसे दिसत. आणि तक्रार करावयाची तर आई त्यास दूरध्वनीवर म्हणे, "बाळा, आज भजनाचे चॅनल दिसत नाही रे." संध्याकाळपर्यंत ते दिसू लागे.

पुढे हाही राखणदार मोठा व दूरचा होत गेला. २०११ च्या दुरुस्तीने केबल टप्प्याटप्प्याने अंकीय झाली आणि प्रत्येक घरी सेट-टॉप बॉक्स आला. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची स्वतंत्र किंमत जाहीर करण्याची पद्धत आली. हेतू चांगला होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी घराला केबलचालकाच्या गठ्ठ्यावर अवलंबून न राहता हवी ती मराठी वाहिनी मागण्याचा मार्ग त्याने मोकळा झाला. पण व्यवहारात बहुतेकांनी गठ्ठेच घेतले, कारण शेकडो नावांची यादी वाचून निवड करणे हे सामान्य गृहस्थाचे काम नव्हे.

आता या कांडीकडे वळू. तिचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे. अमेरिकेत २००७ साली अॅपल टीव्ही आणि २००८ साली रोकूचा पहिला डबा बाजारात आला. यांतील दुसरा डबा मुळात नेटफ्लिक्सने स्वतःसाठी बनविला होता. परंतु आपणच यंत्र विकू लागलो तर इतर यंत्रकर्ते आपणांस प्रतिस्पर्धी समजून दार लावून घेतील, या भीतीने तिने तो वेगळ्या कंपनीकडे सोपविला. आरंभीच हे ओळखले गेले होते की, जो यंत्र करतो तो दारावर बसतो. २०१३ साली गूगलचे क्रोमकास्ट आले व पुढल्या वर्षाच्या अखेरीस ते आपल्याकडे मिळू लागले. अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ साली भारतात आली.

दारावर बसणारे दोघे एकमेकांशी भांडले तर घरच्यांचे काय होते, हेही लवकरच दिसले. २०१५ साली अॅमेझॉनने आपल्या दुकानातून क्रोमकास्ट व अॅपल टीव्ही यांची विक्री बंद केली. २०१७ च्या डिसेंबरात गूगलने जाहीर केले की, नव्या वर्षापासून अॅमेझॉनच्या कांडीवर यूट्यूब मिळणार नाही. तडजोड होऊन यूट्यूब रीतसर परत आले ते २०१९ च्या जुलैत. या दीड वर्षात ज्यांनी पैसे मोजून कांडी घेतली होती, त्यांना कोणीही विचारले नव्हते. मार्च २०२५ मध्ये तर जगभरातील जुन्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे एके दिवशी बंद पडली. यंत्र बिघडले नव्हते. त्याच्या खरेपणाची ग्वाही देणाऱ्या अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती झाली, पण आपल्या घरातील वस्तूची खरी किल्ली दूरच्या कोठल्या तरी कचेरीत असते हे लोकांस कळून चुकले.

राखणदार केवळ दार उघडतो असेही नाही. तो आत काय चालले आहे हेही टिपून ठेवू शकतो. व्हिझिओ या कंपनीने एक कोटी दहा लाख टीव्हींवरून, प्रेक्षकांची संमती न घेता, ते काय पाहतात याची माहिती गोळा केली, असा आरोप अमेरिकेत झाला. २०१७ साली बावीस लाख डॉलर भरून तिने तो मिटविला. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला व त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. स्पर्धा आयोगासमोरही हा विषय आला. टीव्ही बनविणाऱ्यांवर आपल्या सेवांचा संपूर्ण गठ्ठा लादला जातो, या तक्रारीवर गूगलने एप्रिल २०२५ मध्ये तडजोड केली, सुमारे २० कोटी २४ लाख रुपये भरले आणि काही सेवा सुट्या देण्याचे मान्य केले.

येथे कायद्यातील एक फट वाचकांच्या लक्षात आणून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. इंटरनेटची वाट सर्वांस सारखी असावी, हे तत्त्व आपल्या देशाने स्वीकारले आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत दूरसंचार प्राधिकरणाने भेदभावाचे दर निषिद्ध केले आणि २०१८ साली सरकारने ते तत्त्व परवान्यांच्या अटींसाठी मान्य केले. २०२१ च्या नियमांनी स्ट्रीमिंगवरील मजकुराविषयी तक्रारीची तीन पायऱ्यांची व्यवस्थाही केली. म्हणजे वाटेला नियम आहे, मजकुराला नियम आहे. परंतु या दोहोंच्या मधला जो उंबरठा, म्हणजे ती कांडी व तिचे पहिले पान, त्यावर कोणास अग्रस्थान द्यावे हे तिचा निर्माताच ठरवितो. केबलच्या कायद्यातील आठव्या कलमाने सार्वजनिक वाहिनीसाठी राखलेला पाट केबलचालकाच्या घरात आहे. या उंबरठ्यावर तो नाही. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या गोव्यातच, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या प्रसंगी, 'वेव्हज्' नावाची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली. तीत दूरदर्शनच्या वाहिन्याही आहेत. पण ती आपण शोधून काढून बसवावी लागते. ती आपण होऊन समोर येत नाही.

इतका विचार झाल्यावर आम्ही चिरंजीवांच्या तक्त्यात काही रकाने वाढविले. पहिला रकाना असा की, यंत्र टीव्हीत मुरलेले आहे की सुटे? टीव्हीतच बसविलेली व्यवस्था जुनी झाली तर सारा टीव्ही जुना होतो. सुटी कांडी बदलता येते. म्हणून टीव्ही नवा असला तरी कांडी सुटी असणे आम्हांस हितावह वाटते. दुसरा, सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळेल हे निर्मात्याने लेखी सांगितले आहे काय? तिसरा, आपणांस हव्या असलेल्या सर्व सेवा तीवर आज आहेत काय? 'पुढे येतील' हे आश्वासन आम्ही पुरावा म्हणून स्वीकारीत नाही. चौथा, पाहण्याची नोंद ठेवण्याची सोय बंद करता येते काय, आणि ती पहिल्याच दिवशी बंद करावी. पाचवा, म्हातारे माणूस तीन कळांत आपल्या कार्यक्रमापर्यंत पोहोचते काय? ही परीक्षा दुकानात नव्हे, घरी आईच्या हातूनच घ्यावी. याखेरीज, स्पष्ट चित्राचा एक तास सुमारे तीन गिगाबाइट माहिती खातो, म्हणून आपल्या इंटरनेटची मर्यादा आधी पाहावी. आणि क्रिकेटचे थेट चित्र कांडीवर काही क्षण उशिरा येते. शेजाऱ्याचा जल्लोष आधी ऐकू येईल, त्याची मनास सवय करावी.

शेवटी आमच्या घरी जो निर्णय झाला तो असा. केबल बंद झाली व एक सुटी कांडी आली. तिच्याबरोबर आम्ही कौलांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची एक लहान तबकडीही बसविली. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तबकडी व पेटी एकदा घेतली की दरमहा शुल्क नाही आणि सह्याद्रीसारख्या वाहिन्या तीवर मिळतात. चिरंजीव या योजनेस हसले. एका पडद्याला दोन वाटा कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांस सांगितले की, आंबोलीच्या रानातले ते केंद्र ज्यांनी ऐकले त्यांच्या नातवाने एकाच राखणदाराच्या भरवशावर घर ठेवू नये. कांडीवाल्यांचे भांडण झाले तर तबकडी चालेल. पावसात तबकडी अडली तर कांडी चालेल. निवड करण्याचा अधिकार शक्य तितका आपल्या हाती राहावा, इतकाच यातील हेतू.

राहिला गावच्या वाहिनीचा प्रश्न. तार तुटली तशी ती वाहिनीही आमच्या घरातून गेली, आणि तिची जागा कोणत्याही मोठ्या कंपनीच्या तक्त्यात नव्हती. पण यंदा देवस्थानच्या तरुण मंडळींनी पालखी यूट्यूबवर थेट दाखविली. बडोद्याच्या आमच्या आत्याबाईंनी ती तिकडे पाहिली व आईने गुडघेदुखीमुळे घरी बसून इकडे पाहिली. दोघींनी नंतर दूरध्वनीवर तासभर चर्चा केली. पालखीला खांदा कोणी दिला, अमक्याचा मुलगा किती उंच झाला, हाच तिचा विषय होता. आईच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले, परंतु ते यंत्राने दिले नाही. गावच्या पोरांनी कॅमेरा खांद्यावर घेतला म्हणून ते मिळाले. ज्या देवस्थानांनी अद्याप हे केलेले नाही त्यांच्या महाजनांनी याचा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.